खंडेनवमीला घेतलेलं माप

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांना हवं होतं ते "पुरुषांच्या क्षेत्रातली स्त्री" वगैरे. क्षेत्र कसलं डोंबलाचं! भिवंडीत दापोड्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड, बारा पुरुष, मी एकटी बाई, आणि बायकांसाठी संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची सवय. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली कामतघरची मुलगी म्हणून मला घेतलं, आणि निवृत्त होईपर्यंत मी एकाच आकाराच्या मागे होते. लंबगोल. शाळेच्या पुस्तकात त्याच्या सपाट भावाला विवृत्त म्हणतात, आम्ही लंबवर्तुळ म्हणायचो, आणि आमचे वेल्डर रहमतभाई त्याला "अंडा" म्हणायचे.

बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगते. वाफेची किंवा दाबाची कुठलीही टाकी म्हणजे एक नळकांडं आणि त्याच्या दोन तोंडांना बसवलेली दोन झाकणं. झाकण सपाट ठेवलं तर दाबाने ते फुगतं आणि कडेला फाटतं. अर्धा चेंडू बसवला तर सगळ्यात मजबूत, पण जाड पत्रा दाबून एवढा खोल करायचा म्हणजे खर्च आणि कटकट. म्हणून मधला मार्ग काढतात. तो अर्धा चेंडू वरून बरोबर निम्म्यापर्यंत चपटा करायचा. बाराशे मिलिमीटर रुंद तोंड असेल तर अर्ध्या चेंडूची खोली सहाशे, आपली तीनशे. खोली निम्मी केली की आत मावणारं पाणीही बरोबर निम्मं होतं. हे मला इतकं आवडायचं की नव्या माणसाला मी ते बादलीने मोजून दाखवायचे. या झाकणाला आम्ही डिश म्हणायचो.

डिश बाहेरून दाबून यायच्या, आम्ही टाकीला जोडायचो. त्यांचा आकार बरोबर आहे का हे बघणं माझं काम. त्यासाठी मी पत्र्याचे फर्मे, म्हणजे आकार जुळवून बघायचे साचे, कापायचे. दोन खिळे ठोकायचे, त्यांना सैल दोरी बांधायची, दोरीत खडू अडकवून ताण देत फिरवायचा. खडूपासून दोन्ही खिळ्यांपर्यंतच्या अंतरांची बेरीज कुठेही तेवढीच राहते, आणि लंबवर्तुळ आपोआप उमटतं. शेडमधले सगळे पहिल्यांदा बघताना हातातलं काम ठेवून जवळ यायचे. आणि एवढं सुरेख काढता येतं त्या लंबवर्तुळाच्या परिघाला सोपं सूत्र नाही, हे सांगितलं की रहमतभाई खूश व्हायचे. "मतलब ऊपरवाले ने कुछ अपने पास भी रखा है," म्हणायचे.

एकदा मानकोलीच्या एका गोडाऊनचे मालक तेलाचा टँकर आणि त्याचा ड्रायव्हर दोघांना घेऊनच शेडमध्ये आले. ड्रायव्हरचं नाव सखाराम. मालकांनी टँकरसाठी लाकडी गज बनवून घेतला होता आणि त्यावर तळापासून वरपर्यंत सारखे चार भाग पाडले होते. गजाच्या पहिल्या खुणेला तेल होतं, म्हणजे टाकीचा चौथा हिस्सा हवा. काढून मोजलं तर पाचवासुद्धा भरेना. "चोर आहे," मालक सगळ्यांदेखत म्हणाले. सखाराम नुसता उभा होता. मी म्हटलं, शेठ, आडवी टाकी गोल असते, तळाशी अरुंद, मध्ये रुंद. त्यात तिची दोन्ही झाकणं लंबगोल, ती तळाशी आणखी आखडतात. खालच्या पाव उंचीत पाव तेल मावतच नाही. त्यांना पटेना. मग टँकर धुऊन बादल्या मोजत पाण्याने भरला, दुपार गेली, सगळे भिजले, आणि पहिल्या खुणेपर्यंत पाचव्या हिश्शाहून कमीच पाणी मावलं. मालक सखारामकडे न बघता गाडीत बसले. सखाराम मात्र माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मी ओरडले त्याच्यावर. मनातून फार बरं वाटलं होतं. भूमितीने एका माणसाची अब्रू वाचवली, आणि ती भूमिती माझी होती, अशी घमेंड मी बरीच वर्षं बाळगली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

भिवंडीत लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात, नाहीतर धागा तुटतो. हे काम साइझिंगच्या कारखान्यात होतं. तिथे स्टार्च आणि पाणी वाफेच्या दाबाखाली शिजवायला उभी टाकी असते. तिला कुकरच म्हणतात. तो दिवसातून सहा-सात वेळा भरायचा, तापवायचा, दाब सोडून रिकामा करायचा. आमच्या शेडने एका साइझिंगसाठी असा कुकर करायला घेतला. बाराशे रुंदीचा.

त्याच्या डिश घेऊन ट्रक आला तो खंडेनवमीच्या सकाळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. आमचे जनार्दन शेठ इथलेच आगरी, आजोबांची भातशेती होती, त्या जमिनीवर ही शेड. खंडेनवमी ते फार मनापासून करायचे. पाटावर लाल कापड, त्यावर हातोडे, पट्ट्या, कंपास, वेल्डिंगचे चिमटे आणि भिंतीला टेकवून माझे सगळे फर्मे, हळदकुंकू लावलेले, झेंडूच्या माळा घातलेले. रहमतभाईंनीही आपला चिमटा स्वतः आणून ठेवला होता.

शेठ म्हणाले, "वनिता, उद्या दसऱ्याचा मुहूर्त याच कामाचा करायचाय. डिश आजच बघून घे गो. खराब असल तर ट्रक परत धारू."

"फर्मा पूजेत आहे, शेठ."

"मग टेपनं बघ. ड्रायव्हरकरं टेप हाय ना."

आम्ही बौद्ध. माझ्या घरी हत्यारांची पूजा होत नाही, आणि पत्र्याच्या तुकड्याला हात लावल्याने कुणाचा कोप होतो यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. चार पावलांवर फर्मा होता. माळ बाजूला सारून उचलला असता तर कुणी मारलं नसतं. शेठ थोडे फुरफुरले असते, कुणीतरी "यांचं काय" असं पुटपुटलं असतं. तेवढ्यासाठी मी हात लावला नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

मी ट्रकवर चढले. डिशच्या तोंडावर लाकडाची पट्टी आडवी ठेवली आणि मधोमध ड्रायव्हरचा टेप खाली सोडला. तीनशे. तोंड बाराशे, चौथा भाग तीनशे. बरोब्बर! दुसरी डिश बघितली, तीपण तीनशे. खडूने "ओके" लिहिलं, पावतीवर सही केली, आणि खाली उतरून प्रसादाचे पेढे खाल्ले.

चूक कुठे झाली ते सांगते. डिशचं पोट जिथे संपतं तिथे काठाला थोडा सरळ भाग ठेवतात, बरणीच्या गळ्यासारखा, म्हणजे नळकांड्याला जोडायला सोपं जातं. खोली मोजायची ती हा सरळ भाग सोडून. आमच्या डिशला तो चाळीस असायचा, तेव्हा टेपवर तीनशे चाळीस यायला हवे होते. त्या डिशला सरळ भाग होता पन्नास आणि पोट फक्त अडीचशे. बेरीज तीनशे. दाबणाऱ्याने पत्रा वाचवला आणि कड लांब ठेवली. पोट फर्म्याशी जुळलंच नसतं, फर्मा मध्येच टेकून दोन्ही कडांना अधांतरी राहिला असता, आंधळ्यालाही दिसलं असतं. मला हवा होता तो आकडा आला आणि मी पुढचा विचार केला नाही. हे गणित मी दहा माणसांना शिकवलं होतं.

पन्नास मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. लंबगोल झाकणाची एक खोड आहे. आतून दाब आला की त्याची टाळू बाहेर ताणली जाते, पण वळणाची कड आत खेचली जाते. तिला चिकटलेलं नळकांडं मात्र बाहेर फुगू बघतं. म्हणजे ती कड रोज दोन्हीकडून ओढाताण सोसते. पोट जितकं उथळ तितकी ही ओढाताण जास्त, आणि ती सरळ हिशेबाने वाढत नाही. तीनशेच्या जागी अडीचशे केलं की जवळजवळ दुप्पट. एका दिवसात काही होत नाही. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसं ते आतल्या आत वर्षानुवर्षं चालतं.

तो कुकर चालवायचे नरसय्या. आमच्याच चाळीत, कामतघरला, तीन दारं सोडून राहायचे. माणूस मूळचा तेलंगणाकडचा, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. दारू नाही, तंबाखू नाही. डब्याबरोबर एक जुनं फडकं घेऊन जायचे आणि सुट्टी व्हायच्या आधी कुकर पुसून ठेवायचे. त्यांची बायको लक्ष्मीअक्का घरी कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळायची. कुकर सुरू झाल्यापासून सातव्या की आठव्या वर्षी एका सकाळी नळावर नरसय्या मला म्हणाले, "ताई, कुकरच्या खालच्या वळणावर पांढरी रेघ दिसतीय. पुसली की दुसऱ्या दिवशी परत येतीय. मालकाला बोललो, तो म्हणतो सीझन संपल्यावर बघू."

मी हंडा भरत होते. म्हटलं, "वरच्या सांध्यातून खळ ओघळत असेल. गॅस्केट बदलायला सांगा."

"तुम्ही एकदा बघायला येता का?"

"येते की," म्हटलं. गेले नाही. कामाच्या गडबडीत राहिलं, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले.

बारा-पंधरा दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, खालची डिश कडेने फाटली. शिजलेली खळ पाण्यासारखी ओघळून जात नाही, ती अंगाला चिकटते. बीम, म्हणजे सुताचे जड रूळ, उचलणारा दशरथ शेजारीच होता, तो जागीच गेला. नरसय्या हॉस्पिटलात तीन दिवस होते. मी बघायला गेले तर चेहरा कुठला आणि पट्टी कुठली कळत नव्हतं. अक्का पायाशी बसली होती. पायाचे तळवे तेवढे धड होते आणि ती त्यांना हात लावून बसली होती.

चौथ्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. साइझिंगच्या मालकाने सांगितलं की ऑपरेटरने सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधला होता, खळ लवकर शिजावी म्हणून. व्हॉल्व्हवर तार सापडली होती. तपासाला आलेल्या साहेबांनी तसंच लिहून घेतलं. नरसय्या बोलायला नव्हते.

आम्ही बनवलेला कुकर म्हणून शेठ मला घेऊन तिथे गेले. मी व्हॉल्व्ह हातात घेतला. तार होती, पण ती नंबराचा पत्र्याचा बिल्ला अडकवलेली तार. व्हॉल्व्हची दांडी मोकळी वर-खाली होत होती. मग फाटलेल्या डिशकडे गेले. तड्याची कड अर्धी जुनी, गंजून काळीतांबूस झालेली, आणि अर्धी ताजी चकचकीत. म्हणजे फुटायच्या कितीतरी आधीपासून तडा आतून चालत आला होता. पांढरी रेघ म्हणजे त्यातून झिरपलेली खळ. मी पर्समधली पट्टी काढली. सरळ भाग पन्नास, पोट अडीचशे. पुन्हा मोजलं, तेच आलं.

परतताना गाडीत मी शेठना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"पावतीवर सही कोनाची हाय?"

"माझी."

"मग पयली तू जाशील आत. मग मी. मग ह्या बारा घरांच्या चुली." आवाज चढवला नाही त्यांनी. "वनिता, तो मानूस गेला गो. त्याला आता कोनी काय बोलला तर काय फरक हाय?"

मी गप्प राहिले. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. हे कारण म्हणून लिहीत नाही, होती एवढंच लिहिते. तेलाच्या टँकरपाशी बादल्या मोजणारी बाई आणि ही बाई एकच, याचा मेळ मला अजून घालता येत नाही.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. वर्षश्राद्ध झालं आणि अक्का माझ्याकडे आली. म्हणाली, "दशरथच्या आईकडे जायचंय. माझ्या माणसाच्या हातून तिचा मुलगा गेला. मला एकटीला भीती वाटते. तू चल." मी चल म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

दशरथची आई तळ्याच्या पलीकडे राहायची. अक्काने नारळ आणि खण आणला होता. म्हातारीने दार उघडलं आणि अक्काला ओळखून तिथेच उंबऱ्यावर उभी राहिली.

"कशाला आलीस गो? तुज्या दाल्ल्यानं माजा पोर जिता उकडला. तार बांदली त्यानं, तार! त्याला घाई व्हती, माज्या पोराला न्हवती."

अक्का खाली वाकली, डोकं उंबऱ्याला टेकलं. "चूक झाली आई. त्याची चूक झाली. मी पाया पडते."

मी अक्काच्या शेजारी, हातभर अंतरावर. म्हातारीने माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोन?"

"शेजारीण आहे," अक्का म्हणाली. "चांगली आहे. सोबतीला आली."

नारळ म्हातारीने घेतला नाही. परत येताना रिक्षात अक्का माझा हात धरून बसली होती आणि मी तो सोडवून घेतला नाही.

त्यानंतर अक्का दरवर्षी त्या तारखेला एकटी जायची. मी काही ना काही निमित्त काढायचे. तिसऱ्या वर्षी म्हातारीने नारळ घेतला, पाचव्या वर्षी आत बसवून चहा दिला, असं अक्का येऊन सांगायची, आणि मी "बरं झालं" म्हणायचे.

शेठ वारले. शेड पाडली, तिथे आता ऑनलाइन मालाचं गोडाऊन आहे. मी निवृत्त झाले. संपादकांचा फोन आला तेव्हा आधी टँकरचा किस्सा लिहायला घेतला. दोन पानं झाली आणि हात चालेना. उठले आणि तीन दारं चालून अक्काकडे गेले. ती कांड्या भरत होती. मी सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून ते रिक्षापर्यंत. कागदावर डिश काढून सरळ भाग दाखवला. तिने कागदाकडे बघितलं नाही. चाक थांबलं होतं.

"व्हॉल्व्ह बांधला नव्हता त्याने?"

"नव्हता."

"तू हातात घेऊन बघितलास?"

"हो."

"आणि मग माझ्याबरोबर तिथे आलीस."

मी मान हलवली. अक्का रडेल, ओरडेल, मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने तुटलेला धागा शोधला, गाठ मारली.

"म्हातारी गेली मागच्या पौषात," ती म्हणाली. "जायच्या आधी मला बोलावून घेतलं. म्हणाली, तुझ्या माणसाला मी माफ केलं."

चाक पुन्हा फिरवत म्हणाली, "तू माझ्या पाया पडू नको. रडू पण नको इथे. त्या पेपरात लिहितेस ना, तिथे लिही. त्याचं नाव पूर्ण घाल. माझा मुलगा मराठी वाचतो. अजून बापाचा फोटो लावू देत नाही घरात."

म्हणून लिहिते. नरसय्या लिंगय्या, राहणार कामतघर, साइझिंगचा कुकर चालवायचे. त्यांनी सेफ्टी व्हॉल्व्ह बांधला नव्हता. तडा त्यांनी पंधरा दिवस आधी बघितला होता, मालकाला सांगितला होता, मलाही सांगितला होता. डिश उथळ होती आणि ती मी पास केली होती. दशरथच्या आईने ज्याला माफ केलं त्याने काही केलं नव्हतं. ज्या बाईने केलं होतं ती तिच्या दारात उभी होती, आणि "ही कोन?" असं म्हातारीने विचारलं तेव्हाही बोलली नाही.